एमडीनंतरची वाट : रुग्णालयातल्या डॉक्टरचा आढावा

एमडी-एमएसचा निकाल लागतो त्या आठवड्यात सरकारी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात एकच बोलणे चालू असते. बाँड कुठे लागणार? लेक्चररची जागा निघणार आहे का? की सरळ गावाकडे जाऊन हॉस्पिटलसाठी जागा बघायला लागायचे? बोलणारी मुले-मुली तीन वर्षे वॉर्ड चालवत आलेली असतात. मध्यरात्री पोट फुटलेला रुग्ण कुणी आधी पाहायचा, रक्त कुठून आणायचे, वरिष्ठांना कधी उठवायचे, हे त्यांना आता पाठ झालेले असते. रुग्णालयाला ती सर्वांत जास्त उपयोगी पडतील असा हा क्षण असतो आणि नेमक्या याच क्षणी बहुतेक जण रुग्णालयातून बाहेर पडायची तयारी करत असतात.

'रुग्णालयातला डॉक्टर' ही आयुष्यभराची वाट होऊ शकते का, या प्रश्नावर महाराष्ट्रात गेली तीसेक वर्षे तुकड्यातुकड्याने वाद चालू आहेत. कामाचे तास, बंधपत्र, अध्यापकांच्या जागा, खासगी रुग्णालयांतले करार आणि डॉक्टरांवरचे हल्ले हे त्या वादांचे विषय. प्रत्येकाची आंदोलने वेगळी, न्यायालयीन निकाल वेगळे. मला ते एकाच वाटेवरचे टप्पे वाटतात, म्हणून इथे ते त्याच क्रमाने घेतो.

मानद डॉक्टरांचा काळ

आपल्याकडे आधुनिक वैद्यक आले ते रुग्णालय आणि शाळा यांची जोडी घेऊनच. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली वैद्यकशाळा सुरू झाली, तिचेच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून जे. जे. रुग्णालय उभे राहिले. इथे शिकून भारतीय डॉक्टर तयार होत होते, पण शिकवण्याच्या आणि विभाग चालवण्याच्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत आणि ते बहुतांशी गोरे होते. असहकाराच्या लाटेत १९२१ साली मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, तेच आजचे टोपीवाला कॉलेज आणि नायर रुग्णालय. १९२६ साली परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा देणगी देणाऱ्यांनी अटच घातली होती की इथले अध्यापक डॉक्टर भारतीय असतील. रुग्णालयातल्या डॉक्टरची कारकीर्द हा आपल्याकडे सुरुवातीला स्वराज्याचा प्रश्न होता, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नसते.

त्या काळात ही कारकीर्द 'ऑनररी' पद्धतीने चाले. नावाजलेला डॉक्टर सकाळी पालिकेच्या किंवा सरकारच्या रुग्णालयात राऊंड घेई, शस्त्रक्रिया करी, विद्यार्थ्यांना शिकवी आणि त्याबद्दल नाममात्र मानधन घेई. दुपारनंतर गिरगाव-ऑपेरा हाऊसकडच्या कन्सल्टिंग रूममध्ये त्याची स्वतःची प्रॅक्टिस चाले. या पद्धतीचे समर्थक आजही सांगतात की शहरातले उत्तम हात त्यामुळे गरिबाच्या खाटेपर्यंत पोचले आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष व्यवसायात मुरलेले गुरू मिळाले. टीकाकारांचे म्हणणे असे की डॉक्टरचा जीव संध्याकाळच्या प्रॅक्टिसमध्ये गुंतलेला असे, रात्रीचे ओझे शिकाऊंवर पडे आणि रुग्णालयात मिळवलेले नाव खासगीत वटवले जाई. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढे हळूहळू पूर्णवेळ अध्यापकांची पद्धत रुजली. केईएममधल्या पूर्णवेळ शल्यचिकित्सकाचे आयुष्य कसे असते, ते डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नं. पाच, केईएम'मुळे मराठी घराघरांत पोचले. पण पद्धत बदलली तरी जुन्या रचनेतला एक धागा तसाच राहिला. वरिष्ठ सकाळी येणार आणि रात्र निवासी डॉक्टरांची, ही वाटणी आजच्या बहुतेक वॉर्डांत कायम आहे.

याच्या समांतर खास महाराष्ट्राचा म्हणावा असा एक मार्ग तालुक्या-तालुक्यात उभा राहिला. खाली दहा-वीस खाटांचे हॉस्पिटल, वर घर, नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ. कित्येक दशके एमडी-एमएस झालेल्या माणसाच्या यशाची व्याख्या हीच होती. रुग्णालयात नोकरी करणे म्हणजे स्वतःचे उभे करण्याआधीची उमेदवारी. आता जमिनीचे भाव, यंत्रांचे कर्ज, अग्निसुरक्षेपासून जैविक कचऱ्यापर्यंतचे परवाने आणि विमा कंपन्यांशी व्यवहार यांमुळे एकट्याने हॉस्पिटल काढणे अवघड झाले आहे. म्हणूनच 'नोकरीत राहून चांगला डॉक्टर होता येते का' हा प्रश्न पूर्वी कधी नव्हता इतका खरा झाला आहे.

निवासी डॉक्टरचे तास

वाटेची पहिली पायरी रेसिडेन्सी. तीन वर्षांची ही उमेदवारी एकाच वेळी शिक्षण असते आणि नोकरीही, आणि सगळे वाद या दुहेरी स्वरूपातूनच निघतात.

नियम पाहिले तर प्रश्न कधीच सुटला आहे असे वाटेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७च्या आदेशानंतर केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी योजना काढली. सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा जास्त असू नये, कनिष्ठ निवासी डॉक्टरने आठवड्याला साधारण ४८ तास काम करावे, आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे तिच्यात लिहिले आहे. त्याच वाक्याला पुस्तीही जोडलेली आहे की रुग्णांचा भार आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून वैद्यकीय अधीक्षकाने तासांत बदल करावा. व्यवहारात ती पुस्तीच नियम झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' तास, 'वाजवी' विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी असे शब्द वापरले, आकडा घातला नाही. २०२४ साली आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही 'हाऊसमन'ला हा आकडा वाचून दाखवला तर तो इमर्जन्सीच्या दिवसापासून पुढचे छत्तीस तास मोजून दाखवील.

जगात हा वाद आपल्या आधीपासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या देखरेखीखाली दगावली. तिच्या वडिलांनी लावून धरलेल्या चौकशीतून तिथे तासांवर मर्यादा आली आणि २००३ साली संपूर्ण अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची अट लागू झाली. युरोपात २००९पासून ती ४८ तासांची आहे. तास कमी केल्याने रुग्ण सुरक्षित होतो का, यावरचे पुरावे मात्र एका दिशेने जात नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिदक्षता विभागात लांबलचक पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. उलट ११७ शल्यचिकित्सा अभ्यासक्रमांवर झालेल्या आणि २०१६ साली छापून आलेल्या चाचणीत पाळीच्या लांबीचे बंधन सैल केले तरी रुग्णांच्या मृत्यूत वा गुंतागुंतीत वाढ दिसली नाही. त्या सैल गटालाही आठवड्याला ८० तासांची मर्यादा होती, हे आपल्याकडे तिचा दाखला देणाऱ्यांनी विसरू नये.

आपल्याकडच्या चर्चेत तीन भूमिका ऐकू येतात. जुन्या अध्यापकांची, विशेषतः सर्जनांची, भूमिका अशी की आजार घड्याळ पाहून वळण घेत नाही. संध्याकाळी दाखल केलेले पोट पहाटे कसे बदलते, हे त्याच डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात तयार होत नाही. पाळ्या तोडल्या की रुग्ण हाता-हातांतून जातो आणि प्रत्येक वेळी थोडी माहिती गळते. दुसरी भूमिका निवासी डॉक्टरांच्या संघटनेची, म्हणजे मार्डची, आणि अनेक मानसोपचारतज्ज्ञांची. झोप न मिळालेला माणूस शिकत नाही, नुसता उरकतो. गळणाऱ्या माहितीबद्दल त्यांचे उत्तर असे की सोपवणूक शिकवता येते. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत सोपवणुकीची ठरलेली पद्धत शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे.

तिसरी भूमिका कमी बोलली जाते, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती तासांपेक्षा कामाकडे बोट दाखवते. निवासी डॉक्टरच्या दिवसातला मोठा भाग रक्ताचे नमुने काढणे, रिपोर्ट शोधत फिरणे, सीटी स्कॅनची वेळ मिळवायला हात जोडणे, मामा (वॉर्डबॉय) जेवायला गेले असतील तर स्वतःच ट्रॉली ढकलणे आणि डिस्चार्जची कागदपत्रे लिहिणे यांत जातो. यांतले काही पहिल्या महिन्यात शिकण्यासारखे असते. तिसाव्या महिन्यात त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. इंग्लंडमध्ये ४८ तासांची अट आल्यावर सर जॉन टेम्पल यांनी २०१० साली अहवाल दिला, त्याचा रोखही इकडेच होता. एवढ्या तासांत डॉक्टर घडू शकतो, पण त्यासाठी रुग्णसेवेचा भार शिकाऊंच्या खांद्यावरून उतरून पूर्ण शिकलेल्या कन्सल्टंटनी प्रत्यक्ष उचलायला हवा. आपल्याकडे हे वाचले की लगेच पुढचा प्रश्न येतो. तो पूर्ण शिकलेला, रात्रीही हजर असणारा डॉक्टर रुग्णालयाकडे आहे कुठे?

मधली गाळलेली पायरी

जानेवारी २०२३मध्ये महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर संपावर गेले. वसतिगृहे, विद्यावेतन या नेहमीच्या मागण्यांबरोबर त्यांची एक ठळक मागणी वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करण्याची होती. वर्तमानपत्रांत ती आकड्यांच्या गर्दीत हरवून गेली. वरिष्ठ निवासी म्हणजे एमडी-एमएस होऊन रुग्णालयातच राहिलेला डॉक्टर. त्याला निर्णय घेता येतो, धाकट्यांना शिकवता येते आणि तो अजून घराच्या कर्जाच्या मागे लागलेला नसतो. अध्यापक व्हायचे तर सामान्यतः वर्षभर वरिष्ठ निवासी असणे सक्तीचे आहे. जागा मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मानाने थोड्या. म्हणजे पुढच्या दारात शिरायला ज्या पायरीवर उभे राहायचे तीच अरुंद.

खालची गर्दी तर वाढतच गेली आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०१४च्या आधी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ आणि पदव्युत्तर ३१,१८५ जागा होत्या. दहा वर्षांत पहिला आकडा लाखाच्या वर आणि दुसरा सत्तर हजारांच्या वर गेला. तरी नीट-पीजीला दरवर्षी दोन लाखांहून जास्त डॉक्टर बसतात. एमबीबीएसनंतरची दोन-तीन वर्षे नोकरी न करता अभ्यासिकेत घालवणारी मुले आता प्रत्येकाच्या नातेवाइकांत सापडतात. पदव्युत्तर जागांच्या टंचाईवर राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी अभ्यासक्रम हा एक उतारा मानला गेला. १९७५ साली सुरू झालेले आणि १९८२पासून स्वतंत्र असलेले हे मंडळ मेडिकल कॉलेज नसलेल्या रुग्णालयांतही तज्ज्ञ घडवते. मुंबईचे पदविका देणारे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स तर १९१२पासूनचे. जिल्ह्या-तालुक्यांतले अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ त्या पदविकांतूनच आले. या पदविकांच्या मान्यतेवरून गेल्या काही वर्षांत वाद झाले आणि केंद्राने मान्यता एकदा देऊन पुन्हा आकुंचित केली. दर्जा सांभाळण्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण लहान रुग्णालयात राहून शिकण्याची जी थोडी दारे होती त्यांतले एक त्यामुळे अरुंद झाले, हेही खरे.

बंधपत्राचे वर्ष

सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरने काही काळ सरकारी रुग्णालयात सेवा द्यावी, हा बाँडचा साधा विचार. महाराष्ट्रात सेवा एक वर्षाची. ती टाळली तर दंड एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीला २ कोटी रुपये. ऑगस्ट २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अशा अटी वैध ठरवल्या.

समर्थकांचा मुद्दा नैतिकही आहे आणि व्यवहाराचाही. शिक्षणावर लोकांचा पैसा खर्च झाला आहे आणि गडचिरोली-नंदुरबारच्या माणसालाही तज्ज्ञ हवा आहे. विरोधकांतही दोन प्रवाह आहेत. एकांचा सक्तीलाच विरोध. दुसरे म्हणतात, जायला तयार आहोत, पण पाठवलेल्या जागी काम करता आले पाहिजे. सर्जन हजर झाला आणि भूलतज्ज्ञच नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आली आणि रक्तसाठ्याची सोय तासाभराच्या अंतरावर, असे झाले की वर्ष बाह्यरुग्ण विभागात आणि सरकारी अहवाल भरण्यात सरते. तीन वर्षांत कमावलेला हात त्याच वर्षी मंदावतो. आयोगाने पदव्युत्तर अभ्यासक्रमातच तीन महिने जिल्हा रुग्णालयात घालवण्याची अट घातली आहे. तिच्याबद्दलचे अनुभवही जागेगणिक बदलतात. जिथे तिथला तज्ज्ञ शिकवायला उत्सुक आहे तिथे ते तीन महिने मुलांना आयुष्यभर पुरतात.

लहान जागी मोठे काम होत नाही हे मात्र खरे नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात सरकारी आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचूदंशाने मुले मरताना पाहत होते. खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम 'लॅन्सेट'पर्यंत पोचले. सक्तीचे समर्थक त्यांचे उदाहरण देतात, तसेच विरोधकही देतात. एक म्हणतात, बघा, खेड्यात राहूनही जमते. दुसरे म्हणतात, व्यवस्थेने काही न देता हे जमवणारा माणूस हजारांत एक, त्याच्यावर धोरण कसे बेतणार? माझ्या मते या उदाहरणातला खरा धडा काळाचा आहे. बावस्कर तिथे वर्षभरासाठी गेलेले नव्हते. एका भागात टिकून राहिल्यामुळे त्यांना आजार ओळखीचा झाला. बाँडच्या एका वर्षाने हजेरीपट भरतो, पण जिल्ह्याला त्याचा डॉक्टर मिळतोच असे नाही. सेवेत राहणाऱ्यांना पदव्युत्तर प्रवेशात वाव देण्याचा मार्ग त्या दृष्टीने जास्त आशादायक वाटतो. असा स्वतंत्र कोटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार २०२०च्या निकालाने मान्य झाला आहे.

शिकवणारे आणि सांभाळणारे

महाराष्ट्रात सरकारी रुग्णालये दोन खात्यांत वाटलेली आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. एका बाजूला सहायक, सहयोगी आणि पूर्ण प्राध्यापक अशी उतरंड, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी ते जिल्हा शल्यचिकित्सक. इकडून तिकडे जाणे जवळपास अशक्य असे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात वीस वर्षे हजारो प्रसूती सांभाळलेली तज्ज्ञ अध्यापक होऊ शकत नसे, आणि अध्यापकाला जिल्ह्याच्या रुग्णालयाशी देणेघेणे नसे.

अध्यापकांच्या बाजूची जुनी व्यथा कंत्राटाची आहे. लोकसेवा आयोगामार्फत नेमणूक होईपर्यंत सहायक प्राध्यापक तात्पुरत्या आदेशांवर काम करतात आणि हे 'तात्पुरते' कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. नियमित करण्याच्या मागणीसाठी अध्यापकांनी आंदोलनेही केली आहेत. दुसरा वाद व्यवसायरोध भत्त्याचा. खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा हा भत्ता केंद्रीय सेवेत मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. एक पक्ष म्हणतो, भत्ता घ्या आणि प्रॅक्टिस पूर्ण बंद करा, नाहीतर ऑनररी काळाचे दुखणे मागच्या दाराने परत येईल. दुसरा म्हणतो, सुपरस्पेशालिस्टला खासगीत मिळणारा पैसा या भत्त्याच्या कितीतरी पट आहे. बंदी घातली तर तो निघून जाईल आणि गरीब रुग्णाला तोही मिळणार नाही. इथे मला पहिल्या पक्षाचे पारडे थोडे जड वाटते, पण वेतनश्रेणीला हात न लावता निव्वळ बंदी घातली तर दुसऱ्या पक्षाचे भाकीत खरे होईल हेही मान्य करावे लागते.

२०२५च्या जुलैमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम काढले आणि दोन खात्यांमधली ही भिंत एका ठिकाणी फोडली. २२०पेक्षा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, दोन वर्षे काम केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकतो. स्वागत करणाऱ्यांना यात अनुभवाची कदर दिसते. नव्या मेडिकल कॉलेजांना माणसे मिळतील असाही त्यांचा हिशेब आहे. शंका घेणारे म्हणतात की कॉलेजांची संख्या आधी वाढवली आणि आता अध्यापकाची व्याख्याच ताणली जात आहे. पुष्कळ रुग्ण पाहिले म्हणून शिकवता येतेच असे नाही.

खासगी रुग्णालयातला करार

पुण्या-मुंबईत एमडी झालेल्या तरुणाला 'काय करतोस' विचारले तर तो सांगतो, 'चार ठिकाणी अटॅचमेंट आहे.' म्हणजे सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्यात ओपीडी, संध्याकाळी स्वतःचा दवाखाना. मोठ्या रुग्णालयांत याच्या जोडीला किमान रकमेची हमी असलेला करार असतो, बोलण्यात 'एमजी'. हमीचा काळ संपला की उत्पन्न रुग्णसंख्येवर आणि शस्त्रक्रियांवर ठरते.

या रचनेचा बचाव असा की मेहनतीला मोल मिळते, वशिल्याशिवाय नाव कमावता येते आणि तंत्रज्ञान हाताशी असते. विरोधातले सर्वांत ठोस म्हणणे डॉक्टरांनीच मांडले आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून लिहिलेले 'डिसेंटिंग डायग्नोसिस' २०१६ साली आले. रुग्ण पाठवण्याबद्दल द्यावा लागणारा कट, ठरवून दिलेली उद्दिष्टे, अनावश्यक तपासण्या आणि या सगळ्यात नव्या प्रामाणिक डॉक्टरची होणारी कोंडी त्यात नोंदवली गेली. राज्य सरकारने २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला. तो कायदा झाला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा होता की केवळ डॉक्टरांना गुन्हेगार ठरवले तर रुग्णालय नावाची संस्था नामानिराळी राहते. आक्षेप बरोबर होता, पण त्यावर उपाय मसुदा व्यापक करणे हा होता. मसुदा बाजूला पडल्याने नव्या डॉक्टरची कोंडी होती तशीच राहिली.

खासगी रुग्णालयातही रात्र कोण सांभाळतो, हे पाहण्यासारखे आहे. कन्सल्टंट फोनवर असतो. वॉर्डात निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) असतो आणि महाराष्ट्रात तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो. या मुला-मुलींच्या जिवावर कित्येक रुग्णालये चालतात. त्यांना अॅलोपॅथीची औषधे लिहिण्याचा अधिकार किती, यावर इंडियन मेडिकल असोसिएशन आणि होमिओपॅथी संघटना यांच्यात उघड संघर्ष आहे. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना परवानगी देणारी २०१४ची कायदा-दुरुस्ती त्याच्या मुळाशी आहे. संघर्ष अधिकाराच्या भाषेत चालतो, त्यात एक बाजू झाकली जाते. रात्रीच्या या कामाला पदवीधर एमबीबीएस मिळत नाही, कारण त्या कामाला पुढे काही नाही. पगार थोडा, शिकवणारा कुणी नाही, बढती नाही. अमेरिकेत १९९६ साली 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द रूढ झाला. दाखल झालेल्या रुग्णाचा पूर्णवेळ डॉक्टर ही तिथे स्वतंत्र, मानाची शाखा झाली. आपल्याकडे ते काम रोज होते, फक्त त्याला शाखेचे नाव आणि मान मिळालेला नाही.

सुरक्षितता

यावर मतभेद कमी आहेत, म्हणून थोडक्यात. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१०चा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. तरी मार्च २०१७मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला एवढी मारहाण झाली की राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृतिदल नेमले. कायदा कडक करण्याबाबत एकमत आहे. वाद उरतो तो गर्दी, अपुऱ्या खाटा आणि नातेवाइकांशी बोलायला कुणाकडेच नसलेला वेळ यांचा या हल्ल्यांत किती वाटा आहे, यावर. बहुतेक हल्ल्यांत समोर सापडतो तो सर्वांत धाकटा डॉक्टर. वाईट बातमी सांगण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आलेले असते आणि ते कसे करावे हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

काय अजून सुटलेले नाही

तासांचा आकडा ठरला तरी तो तपासणार कोण, हे ठरलेले नाही. हजेरी नोंदवणारी यंत्रे अध्यापक उपस्थित आहे का हे पाहण्यासाठी आली आहेत. निवासी डॉक्टर घरी गेला का, हे ती सांगत नाहीत. बाँड ठेवायचा तर ज्या रुग्णालयात संपूर्ण चमू आहे तिथेच पाठवण्याची हमी सरकार देणार का, हा प्रश्न उघडा आहे. कट प्रॅक्टिसचा मसुदा पुन्हा टेबलावर येण्याची चिन्हे नाहीत.

एक प्रश्न तर अजून वादातही नीट आलेला नाही. वैद्यकीय वर्गांत मुलींची संख्या निम्म्याच्या आसपास पोचली आहे. एमबीबीएस, इंटर्नशिप, प्रवेशाची तयारी, तीन वर्षे रेसिडेन्सी, बाँड आणि मग वरिष्ठ निवासी हा क्रम मांडला तर तो बरोबर पंचविशी ते तिशी-बत्तिशीच्या वयावर बसतो. बाळंतपणाची रजा मिळते, पण तेवढा काळ अभ्यासक्रम लांबतो, परीक्षा पुढे जाते आणि युनिटमध्ये तिच्या वाटची रात्र उरलेल्या दोघा-तिघांवर पडते. त्यामुळे रजा हक्काची असूनही ती घेणारी मुलगी सहकाऱ्यांची ऋणी झाल्यासारखी वागते. अनेक जणी यातून पुढे रात्रपाळी नसलेली शाखा निवडतात. शल्यचिकित्सेच्या वॉर्डांत त्या कमी का दिसतात, याचे एक उत्तर इथे आहे.

आणि जुलै २०२५च्या नियमांचा खरा कस अजून लागायचा आहे. एखाद्या जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे काढलेली स्त्रीरोगतज्ज्ञ उद्या सहयोगी प्राध्यापक होईल. तिच्या युनिटमध्ये पहिल्यांदाच निवासी डॉक्टर येतील. आजवर ती एकटीने रात्री उठून येत असे. आता लॉगबुकवर सही करायलाही तीच असेल, सिझेरियन कधी करायचे आणि कधी थांबायचे हे शिकवायलाही तीच. मुले आली म्हणून ती रात्री घरी राहू लागेल, की त्यांना शेजारी उभे करून पूर्वीसारखीच येत राहील, आणि येत राहिली तर त्या रात्रीची गणती तिच्या नोकरीत कुठे होईल, याबद्दल नियमांत एक ओळही नाही.